सुरयांची अंडी आणि बळवंत मास्तर

बळवंत मास्तर आमच्या शेजारच्या घरात राहायला आले, त्या दिवशी मी गूळपाणी घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या अंगणात कोण कोण येतं?"

मी चुलत्यांचं नाव सांगितलं, मेहुण्यांचं सांगितलं, शहाद्याहून येणाऱ्या एका व्यापाऱ्याचंही सांगितलं. मास्तर सगळं शांतपणे ऐकत होते. माझी यादी संपल्यावर म्हणाले, "बरं. आणि कडुनिंबावर?"

कडुनिंब माझ्या आजोबांनी लावलेला. त्याच्या सावलीत माझी मुंज झाली, बहिणीचं लग्न झालं. पण त्याच्यावर कोण येतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "चिमण्या, कावळे येत असतील."

"पाहिलंत की वाटलं?" मास्तरांनी विचारलं.

हा प्रश्न पुढे मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला. शाळेतल्या पोरांना, दूधवाल्याला, स्वतःच्या बायकोला, धुळ्याच्या डॉक्टरांनासुद्धा ते हेच विचारायचे. मला मात्र त्या प्रश्नाचा राग कधी आला नाही. मी कापसाच्या काट्यावर काम करणारा माणूस. गाडीवाला म्हणतो म्हणून वजन लिहायचं नाही, काटा थांबेपर्यंत थांबायचं, हा माझा रोजचा धंदा. शेजारी आपल्याच जातकुळीचा माणूस आला, असं मला वाटलं.

हे सगळं दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचं. मास्तर नाशिककडचे. बदलीवर सारंगखेड्याच्या शाळेत आले आणि दोनेक वर्षांत त्यांच्या छातीचं दुखणं उघडं पडलं. शाळेच्या पायऱ्या चढताना धाप लागायची, पाय सुजायचे, रात्री उशी उभी करून बसल्या बसल्या झोपावं लागायचं. धुळ्याला जाऊन आले. हृदयाची झडप निकामी होत चालली आहे आणि त्यावर औषध असं काही नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं. चढ नको, घाई नको आणि मनाला लावून घेणं नको, ही तीन पथ्यं सांगितली.

मास्तर मला म्हणाले, "भाऊराव, पहिली दोन पथ्यं पक्षी बघणाऱ्याला आपसूक जमतात. तिसऱ्याचं बघू."

नोकरी सुटली. आता हे आपल्या मुलखात परत जातील, असं गावाला वाटलं होतं. ते गेले नाहीत. कारण विचारलं की वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, नदीच्या दिशेनं हात करायच्या आणि म्हणायच्या, "ती सवत सोडेल तर ना!"

गावची घोड्यांची जत्रा उठली, थंडी ओसरायला लागली की मास्तरांना घरात करमेनासं व्हायचं. माघाच्या अखेरीपासून चैत्र सरेपर्यंतचे दिवस त्यांचे. त्याच्या आधी थंडी त्यांना सोसायची नाही, नंतर ऊन सोसायचं नाही. रविवारी सकाळी मी दमणी जुंपायचो. आमची ही दोन बैलांची हलकी गाडी एरवी लग्नकार्यालाच बाहेर निघायची. मास्तरांसाठी तिच्यात गादी घालायची, पाठीला लोड लावायचा. निघताना वहिनी दारात उभ्या राहून मला बजावायच्या, "भावजी, त्यांच्याकडे बघू नका, त्यांच्या ओठांकडे बघा. ओठ निळे दिसले की गाडी फिरवायची. ते काय वाटेल ते सांगतील."

"मी खोटं सांगत नाही," मास्तर गाडीतून म्हणायचे.

"खोटं नाही हो सांगत. पण 'आणखी थोडंच' हे काय खरं असतं?"

त्यांच्या वेषाबद्दल सांगायला हवं. मातीच्या रंगाचा एक जुना कोट, तसलंच उपरणं आणि गळ्यात दुर्बीण. ही दुर्बीण जंगलखात्याच्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावातली. तिच्या एका नळीत बुरशी धरली होती, त्यामुळे दुसरा डोळा मिटूनच बघावं लागायचं. पहिल्या फेरीला मी माझ्या नेहमीच्या पांढऱ्या टोपीत निघालो. तास झाला तरी एक पक्षी जवळ येईना. घरी उतरताना मास्तर म्हणाले, "भाऊराव, तुमची टोपी पार तिकडे प्रकाशा गावाच्या घाटावरून दिसत असेल." मी ती टोपी काताच्या पाण्यात बुडवून तपकिरी करून घेतली. गावात पुढे वर्षभर माझ्या टोपीची चेष्टा झाली. त्यानंतर मात्र खंड्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसला.

ते चालायचे ते आंधळ्यासारखे, पाऊल चाचपून. दहा-बारा पावलं गेली की उभे राहायचे, काठीवर दोन्ही हात ठेवून. सुरुवातीला मला दया यायची. मग लक्षात आलं, की दम परत येईपर्यंत ते समोरचं झाड वाचून काढत असतात. मी एकटा गेलो की एका तासात सगळं शिवार पालथं घालायचो आणि मला काहीच दिसायचं नाही. मास्तर एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत जायचे आणि तेवढ्यात हळद्या, कोतवाल, नाचण, सुताराचं भोक आणि भोकातून बाहेर डोकावणारा पोपट, एवढं त्यांना भेटलेलं असायचं.

"छाती थांबवते म्हणून दिसतं," ते म्हणायचे. "धडधाकट होतो तेव्हा मीसुद्धा नुसता चालतच होतो."

गाव त्यांना हसायचं, पण ते हसणं दुष्टाव्याचं नव्हतं. एकदा दमणी पारावरून जाताना त्यांच्या हाताखाली शिकलेला एक गडी ओरडला, "काय मास्तर, पाखरंसनी हजेरी लेवाले चालनात का?"

मास्तर लोडाला टेकलेलेच म्हणाले, "हां रे. तुन्हापेक्षा ते बरा शेत. रोज हजर ऱ्हातस!"

पार खो खो हसला. तो गडी सर्वांत जास्त हसला. मास्तर आमची अहिराणी बोलायचे ती अशी, दुसऱ्याच्या मापाच्या अंगरख्यासारखी, पण माणसांना आवडायची. माझ्याशी मात्र ते शाळेतल्या मराठीतच बोलत आणि मीही.

दुसरी आठवण माझ्याच शेतातली. त्या वर्षी रब्बीची ज्वारी चांगली भरली होती आणि भोरड्यांचे थवेच्या थवे उतरत होते. गुलाबी अंग, काळं डोकं. हवेत वळले की जणू कुणी मोठी चादर झटकली. किती होत्या ते सांगत नाही, कारण मोजता आल्या नाहीत. आमचा सालदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत होता. मी मनातून घाबरलो, की आता मास्तर त्याला मारू नको म्हणणार आणि माझी पंचाईत होणार. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला वर्षाची ज्वारी.

मास्तर बांधावर बसले. सालदाराला हाक मारून म्हणाले, "भो, दाना तुम्हना शेत, मी काय बोलू? इतलंच कर. मन्हं देखीसन होऊ दे, मंग हान."

सालदारानं गोफण खाली ठेवली आणि बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत मास्तरांनी पाहिलं, मग हात वर करून "झालं" म्हणाले. गोफण पुन्हा सुरू झाली. परतताना मी विचारलं, की दगड लागून एखादी मेली असती तर? ते म्हणाले, "वाईट वाटलं असतं. पण ज्वारी खाणारा मीही आहेच की." त्यांचं प्रेम असं होतं. दुसऱ्याच्या जिवावर ते कधी उदार झाले नाहीत.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

मास्तरांना एक गोष्ट बघायची होती. उन्हाळ्यात तापी आटली की पात्रात वाळूची बेटं उघडी पडतात. त्या बेटांवर सुरया अंडी घालतात. सुरय म्हणजे नदीवरचा तो राखाडी-पांढरा पक्षी. चोच पिवळी, पाय लाल, डोक्यावर काळी टोपी, शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. घरटं असं काही नाही. उघड्या वाळूत पोटानं केलेला एक खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची दोन-तीन अंडी. पाय पडला तरी कळायचं नाही. मास्तरांनी अंडी पुष्कळदा पाहिली होती. अंड्यातून पिलू बाहेर येताना त्यांना पाहायचं होतं. एवढंच.

हे सहज जमण्यासारखं होतं, पण जमलं नाही. एका वर्षी वर कुठे तरी अवकाळी पाऊस झाला आणि एका रात्रीत बेट पाण्याखाली गेलं. एका वर्षी कोल्हा पोचला, वाळूवर नुसती टरफलं आणि पावलं. एका वर्षी ऐन वेळी मास्तर अंथरुणाला खिळले. त्या वर्षी मी एकटा नदीवर गेलो आणि पिलं पाहून आलो. घरी येऊन सांगितलं. मास्तरांनी मला बारीक बारीक प्रश्न विचारले आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुन्हा एकटं जायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलं.

शेवटच्या वर्षी त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते. एक वाक्य एका श्वासात पुरं होत नव्हतं. होळी झाल्यावर डॉक्टर येऊन गेले आणि मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, की मास्तरांना पावसाळा दिसेल असं वाटत नाही. मी आत आलो. मास्तर म्हणाले, "काय म्हणाले ते सांगू नका. मला मोजता येतं."

त्या दिवशी वहिनींशी त्यांचं बोलणं झालं ते मी ओट्यावर बसून ऐकलं. भांडण नव्हतंच ते.

"नदीवर जायचंय," मास्तर म्हणाले.

"मला माहीत आहे."

"दोनदा. एकदा अंडी बघायला, एकदा पिलं बघायला."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तिथेच वाळूत पडलात, तर मी काय करू?"

"भाऊराव गाडी घेऊन येतील की घरी."

"ते येतील हो. तुम्ही याल का?"

थोड्या वेळानं वहिनी बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते. मला म्हणाल्या, "भावजी, गादी दुहेरी घाला. आणि ओठांचं या वेळी राहू द्या."

पहिली फेरी चैत्राच्या सुरुवातीला झाली. घाटाच्या उतारावरून दमणी पात्रात उतरवली. वाळूत चाकं रुतत होती. बेटाआधी पाण्याची एक बारीक धार लागते, ती ओलांडली. त्या बेटावर दगडू भोई आणि त्याची बायको सकूबाई यांची टरबूज-डांगराची वाडी होती. हिवाळा संपता संपता वाळूत खड्डे करायचे, शेणखत घालायचं, बी लावायचं आणि उन्हाळाभर तिथेच झोपडी करून राहायचं, असं हे लोक पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. वाडीच्या पुढे, बेटाच्या टोकाला सुरयांची वस्ती होती.

सकूबाईनं मास्तरांसाठी बाज टाकली. मास्तरांनी दुर्बिणीतून पाहिलं. मग मला पुढे पाठवून एक अंडं मागवलं, कानाशी धरलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "आत हालचाल आहे. आठवडा. फार तर नऊ-दहा दिवस." मी अंडं होतं तिथे ठेवून आलो. सुरया डोक्यावर किंचाळत होत्या, माझ्या काताच्या टोपीवर एकीनं चोचही मारली. मास्तर हसले. ते हसणं खोकल्यात गेलं.

निघताना ते सकूबाईला म्हणाले, "बाई, इतला दिन या अंडासले जपा. कुत्रं येऊ देऊ नका. मी पुढला आईतवारे येस."

"तुम्ही फिकीर करू नका, मास्तर," ती म्हणाली. "मन्हा पोरंसनागत जपसू."

पुढचा आठवडा ऊन एकदम वाढलं. वाळू तापून हवा थरथरायला लागली. मास्तर खाटेवर पडल्या पडल्या रोज विचारायचे, "वारा कुठला आहे? आभाळ येतंय का?" आभाळ आलं नाही. कोल्ह्याचीही खबर आली नाही. रविवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो. वहिनींनी दारातून काहीही बजावलं नाही.

धार ओलांडली तेव्हा सूर्य वर आला होता. सकूबाई लांबूनच हात हलवत पुढे आली. चेहरा फुललेला.

"मास्तर, तुम्हीन सांगेल व्हतं ना, जपा म्हनीसन? देखा! समदासवर सावली करी दिन्ही!"

मी बेटाच्या टोकाकडे पाहिलं. वाळूवर जागोजाग लव्हाळ्याचे छोटे तिरपे आडोसे उभे होते. वाडी करणाऱ्यांची ती रीतच. वेलाला कोंब फुटला की कडक ऊन आणि उडती वाळू लागू नये म्हणून त्याच्या डोक्यावर असा आडोसा रोवायचा. वेल मोठा झाला की काढायचा. या वर्षीचे आडोसे काढून झोपडीमागे रचलेले होते. ऊन वाढलेलं पाहून त्या दोघांनी ते सगळे पुन्हा बाहेर काढले होते आणि एकेका खळग्यावर एकेक रोवला होता. दोन दिवस राबले होते. एकही अंडं सोडलं नव्हतं.

"कवय लावं?" मास्तरांनी विचारलं.

"बुधवारले. येलसले करतस तशीच करी." आणि मग थोडी रागावून, "पन त्यासनी माय येडी शे, मास्तर. सावली शे, तरी खाले येस नही. नुस्ती वरच गरगर फिरस. दिनभर वरडस."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते वर बघत होते. सुरया खरोखर वरच फिरत होत्या. खाली येत, आडोशापर्यंत येत आणि भिऊन पुन्हा वर जात. त्या ज्या खळग्यावर तीन आठवडे बसल्या होत्या तिथे आता एक काळी, हलणारी वस्तू उभी होती. बुधवारपासून कुणीही अंड्यांवर बसलं नव्हतं. दिवसा वाळू भट्टीसारखी आणि रात्री थंडगार.

मास्तरांनी मला खुणेनं एक अंडं आणायला सांगितलं. मी आणलं. त्यांनी ते तळहातावर ठेवलं, कानाशी धरलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काही बदललं नाही. मग ते अंडं त्यांनी दुसऱ्या कानाशी धरलं. मग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठेवून या."

मी हळू आवाजात म्हणालो, "मास्तर, ही बाई—"

"नाही," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं जपा म्हणून. कसं जपायचं ते सांगितलं नाही. तिनं तिला येतं तसं जपलं." मग श्वास घेण्यासाठी थांबले. "पुढच्या फाल्गुनात या आणि तिला सांगा. या वर्षी नको. दोन दिवस वाळू तुडवली आहे तिनं माझ्यासाठी."

सकूबाई बाजेशी आली, तशी मास्तरांनी आवाज बदलला.

"बाई, येलवरनी सावली कवय काढतस तुम्ही?"

"चार पानं फुटनात का काढी टाकतस. मंग त्याले ऊन पाहिजे."

"मंग आते यासनी बी काढी टाका."

"आजच?" तिनं कमरेवर हात ठेवला. "यासले कोठे चार पानं फुटनात?"

"मास्तर कोन शे, तू का मी?"

ती हसली. "तुम्हीच बा!" म्हणाली आणि दगडूला हाक मारून टोकाकडे गेली. मीही गेलो. आम्ही तिघांनी मिळून सगळे आडोसे उपटले आणि मागे आलो. मास्तरांच्या बाजेशी उभे राहिलो. थोडा वेळ काही झालं नाही. मग एक सुरय खाली आली. खळग्याशेजारी उतरली, मान वाकडी करून अंड्यांकडे पाहिलं, दोन पावलं पुढे टाकली आणि बसली. मग दुसरी बसली. मग तिसरी.

"बठनी!" सकूबाई टाळ्या पिटत म्हणाली. "मास्तर, बठनी देखा!"

"हां," मास्तर म्हणाले. "बठनी."

"पिल्लं निंघतीन तवय दगडूले धाडसू."

"धाड."

मी गाडी जुंपायला वळलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. ऊन चढत होतं. सकूबाईनं बाजेवर गोधडीची सावली केली. दुपार झाली तरी ते हलले नाहीत. मी दोनदा विचारलं, दोनदा "आणखी थोडं" म्हणाले. ओठ निळे पडले होते. मी शब्द दिलेला नव्हता, तरी त्या दिवशी गाडी फिरवायला हवी होती का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. दिवस कलल्यावर आम्ही परतलो. वहिनींनी दार उघडलं आणि काहीही विचारलं नाही. त्यांना ते कसं कळलं ते मी सांगू शकत नाही.

त्यानंतर मास्तर घराबाहेर पडले नाहीत. वैशाख सरायच्या आत गेले. दगडू निरोप घेऊन आला नाही.

पुढच्या फाल्गुनात सांगितल्याप्रमाणे मी नदीवर गेलो. वेलांवरचे आडोसे नुकतेच काढलेले होते. सकूबाईनं ते जपून ठेवले होते. मला बघताच म्हणाली, "या साल बी करसू हां भाऊ, मास्तरसनी पाखरंसले सावली."

मी तिला बसवलं आणि सगळं सरळ सांगितलं. मला फिरवून बोलता येत नाही. सावली करायची नाही, पक्षी भितो, अंडी उघड्यावरच जगतात. ती ऐकत राहिली. हातात लव्हाळ्याची एक काडी होती, तिचे तुकडे करत होती.

"मंग गया सालना अंडा?"

"ते गयात, बाई."

"मी काढी सावली, तवय गयेल व्हतात?"

"व्हय."

ती नदीकडे पाहून म्हणाली, "मास्तरले ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

तिनं पदर तोंडाला लावला. पदर खाली घेऊन तिनं मला विचारलं, "मंग भाऊ, दिनभर इतलं काय देखी ऱ्हायंतात मास्तर?"

त्या दिवशी मी मास्तरांच्या शेजारीच बसलो होतो. ऊन फार झालं, तेव्हा बसलेली एक सुरय उठली, नदीवर गेली, पाण्याला पोट टेकवून उडाली आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर उभी राहिली. पंख थोडे पसरून. अंडी भाजू नयेत म्हणून. तिच्या पोटावरून पाण्याचे थेंब अंड्यांवर पडत होते. वाळले की ती पुन्हा जायची, पुन्हा भिजून यायची. मास्तरांनी एक डोळा मिटला होता आणि दुसरा दुर्बिणीला लावला होता. दुर्बीण त्यांना पेलवत नव्हती, म्हणून मी त्यांचं कोपर धरून ठेवलं होतं. ती पाण्याकडे निघाली की ते तिच्याबरोबर दुर्बीण नदीपर्यंत न्यायचे. परत आली की तिच्याबरोबर अंड्यांपर्यंत आणायचे.